ऑर्तेन्सियाआत्याचे हात

नेपल्सच्या त्या चढाच्या गल्लीत डिसेंबरचा रविवार म्हणजे ऑर्तेन्सियाआत्याचा तंबोला, आणि तिचा तंबोला म्हणजे फक्त बायका. पुरुषांनी उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, वाकून बघायचं, पोट धरून हसायचं, पण पाऊल आत टाकायचं नाही. हा नियम कुणी कुठे लिहून ठेवलेला नव्हता, म्हणूनच तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

मेनाला सोळाव्या वर्षी, यंदा पहिल्यांदा, टेबलाशी स्वतःची खुर्ची मिळाली होती. एरवी ती आनंदानं नाचली असती. आज मात्र तिचं लक्ष कार्डावर नव्हतंच.

"बावीस!" आत्यानं वेताच्या टोपलीतून सोंगटी काढली. नेपल्सच्या तंबोल्यात प्रत्येक आकड्याचा एक अर्थ ठरलेला, आणि आत्या त्या अर्थांची गोष्ट गुंफायची. "बावीस म्हणजे वेडा! आणि हे आलं सत्त्याहत्तर, बाईचे पाय! वेडा निघाला गं पायांच्या मागे, बूट हातात घेऊन!"

"पायांवर केस होते का गं?" मासेवाली असुंता ओरडली.

"होते, पण तुझ्या पाठीपेक्षा कमी!"

टेबल हसून हसून हललं. कार्डांवरचे संत्र्याच्या सालीचे तुकडे घरंगळले आणि मग कुणाचा कुठला आकडा झाकला होता यावरून भांडण जुंपलं.

ऑर्तेन्सियानं साठी ओलांडली होती. जन्मली तेव्हा मुलगा म्हणून नोंद झाली, पण बाराव्या वर्षी ती आईचा झगा घालून पाणी भरायला गेली आणि त्या दिवसापासून गल्लीनं तिला बाईच मानलं. मेनाच्या बाबांचं ते सख्खं भावंड, म्हणून ती मेनाची आत्या. गल्लीत मूल झालं की चाळीस दिवसांच्या आत ते आत्याच्या हातात द्यायचं, की त्याला जन्मभर नशिबाची साथ. असुंताची तिन्ही मुलं या हातांतून गेली होती. मेना गेली होती. मेनाचा मोठा भाऊ साबातोही गेला होता.

आणि साबातोची लेक? ती वर, तिसऱ्या मजल्यावर, पाळण्यात होती. उद्या तिला चाळीस दिवस भरणार होते.

"लुदोविकाला नको आहे," साबातोनं घरात सांगून टाकलं होतं. "टेकडीवरच्या मोठ्या घरची पोर ती. तिला असलं काही पटत नाही." तेव्हापासून मेना वहिनीशी धड बोललीच नव्हती. आत्या यावर अवाक्षर बोलली नव्हती. फक्त तिची ती लांब लाल नखं, जी तिनं आजारपणातसुद्धा कापली नव्हती, ती तिनं मुळापासून कापून टाकली होती. तान्ह्याला लागू नयेत म्हणून.

आज टेबलाशी दोन पाहुण्या होत्या. हॉलंडहून आलेल्या, एकमेकींशी लग्न केलेल्या. शहरातले नाचाचे अड्डे बघायला आल्या होत्या, पण कडेवर चार महिन्यांचं बाळ, त्यामुळे बिचाऱ्या सगळे अड्डे बाहेरूनच बघत होत्या. त्यांनी कुठेतरी या प्रथेबद्दल वाचलं होतं. दोन डावांच्या मध्ये त्यांनी मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं आणि, चाळीस दिवस कधीच उलटले होते तरी, बाळ सरळ आत्याच्या हातात ठेवलं. चटाचट फोटो निघाले. आत्यानं त्याच्या कपाळाचा मुका घेतला, गाणं म्हटलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मेनानं मात्र आत्याचे डोळे बघितले. गाता गाता ते छताकडे गेले होते.

हजार मैलांवरून आलेल्या परक्या बायका पोटचं पोर देतात, आणि आपल्या घरचे? मेनाच्या डोक्यात असा काही जाळ झाला की ती तडक जिना चढली. वहिनी न्हाणीघरात होती, दादा फुटबॉलच्या सामन्यात बुडालेला. मेनानं बाळ शालीत गुंडाळलं आणि छातीशी धरून खाली आणलं.

"आत्या, घे! घे लवकर!"

आत्या उठली. तिचे हात पुढे आले, बाळापासून वीतभर अंतरावर आले, आणि थांबले. तिनं ते ॲप्रनखाली लपवले.

"आईनं दिलंय?"

मेनानं बाळ आणखी पुढे केलं.

"मेना, तुला विचारतेय. आईनं दिलंय का?"

"ती कधीच देणार नाही, आत्या! उद्या संपलं सगळं!"

"मग चोरून घेऊ? खिसेकापू आहे का मी?" आत्याचा आवाज चिरकला. "आईच्या हातून आलं तर ते नशीब. नाहीतर मी नुसती एक म्हातारी, लोकांच्या पोरांना हात लावणारी. तसं म्हणवून घ्यायचं नाही मला. ने तिला वर."

तेवढ्यात साबातो धावत आला आणि दारात असा थबकला जणू पुढे भिंतच आहे. "मेना! वेड लागलंय तुला? आण इकडे!"

"ये ना आत! घे येऊन!"

त्याचा एक पाय उचललेला तसाच राहिला. त्याच्यामागून लुदोविका आली, केसांना टॉवेल, चेहरा पांढराफटक.

"माझी मुलगी कुठाय?"

"ही बघ, सुखरूप आहे!" मेना कडाडली. "वहिनी, आत्याच्या हातांची एवढी किळस येते तुला?"

"मला?" लुदोविका बघतच राहिली. "अगं, मी दोनदा विचारलं. साबातो म्हणाला, आत्यांना आता दगदग नको, त्यांनीच नाही म्हटलंय."

सगळ्या बायकांच्या माना दाराकडे वळल्या.

"बाप्तिस्म्याला माझे साहेब येणार आहेत," साबातो जमिनीकडे बघत पुटपुटला. "हातात घेतलं की आत्याचं नातं पक्कं. मग रीतीप्रमाणे तिलाही बोलवावं लागणार. ते विचारतील, या कोण. मी काय सांगू?"

"आत्या म्हणून सांग, गाढवा!" असुंता म्हणाली, पण कुणी हसलं नाही.

लुदोविकानं उंबरा ओलांडला. मेनाच्या हातून बाळ घेतलं आणि पुढे केलं. "आत्या, मी देतेय. माझ्या हातानं."

आत्यानं बाळ घेतलं. गाणं नाही, टाळ्या नाहीत. पाहुण्यांनी फोन टेबलावर पालथे ठेवले. मेनाला वाटलं होतं, या क्षणी आपण आनंदानं ओरडू. पण ती आपल्या खुर्चीत जाऊन बसली आणि कार्डावरच्या साली सारख्या करू लागली.

"आत्या, आत येऊ?" साबातोनं विचारलं. लहानपणी तो याच टेबलाखाली बसून संत्र्याच्या साली चघळायचा. आठ वर्षांचा होईपर्यंत या खोलीत चालणारा तो एकच पुरुष होता.

आत्यानं मान वर केली नाही. "पुरुषांना परवानगी नाही," ती म्हणाली. हे वाक्य ती दर रविवारी डोळा मारून म्हणायची. आज ती अनोळखी माणसाशी बोलावं तसं बोलली.

मग तिनं टोपली कोपरानं मेनाकडे सरकवली. "माझे हात गुंतलेत. पुढचा आकडा तू काढ."

मेनानं सोंगटी काढली, पण तिची नजर आकड्यावर ठरेना. उंबऱ्याबाहेर दादाची पावलं दिसत होती. ती परत जात नव्हती, आणि आतही येत नव्हती.