घोडा केवढा होता

"अहो, पाय आवरा," काकू कुजबुजल्या. "पुढच्या बाईंच्या सीटला लाथा बसतायत."

हॉर्नकाकांनी उजवा पाय मागे ओढून घेतला. पण चौकातला दिवा लाल झाला आणि पाय पुन्हा आपसूक पुढे जाऊन जमिनीवर दाबला गेला. नव्या ड्रायव्हरनेही ब्रेक लावला, पण तो काकांच्या मते जरा उशिराच. पुढच्या बाईंनी मागे वळून पाहिलं, तशी काकूंनी हात जोडले. "रागावू नका हो. आत्ता आत्ता रिटायर झालेत. पायाला अजून कळलेलं नाही."

शहरदर्शनाच्या या गाडीवर हॉर्नकाकांची सारी नोकरी गेली होती. बघण्यात रमलेले प्रवासी वेळेवर परत येत नाहीत, म्हणून ते तीन लांबलचक हॉर्न द्यायचे. तिसऱ्या हॉर्नला काका गाडी सुरू करतात हे सगळ्या कंपनीला ठाऊक होतं. त्यांचं खरं नाव हळूहळू मागे पडलं आणि हॉर्नकाका तेवढं उरलं. निरोपाच्या दिवशी मालकांनी त्यांना भिंतीवरचं एक घड्याळ दिलं आणि रविवारच्या सहलीच्या दोन जागा दिल्या. "आता काकूंना घेऊन आरामात मागे बसा," असं वर म्हणाले. काकूंनी घड्याळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिकिटं मात्र त्यांनी पदराला बांधावीत इतकी जपली.

काका दोनदा म्हणाले होते, "कशाला उगाच? उन्हाचा त्रास होईल तुला." काकूंनी उत्तरादाखल नवी चप्पल काढून दाराशी ठेवली होती.

काका असे टाळत होते, त्याला कारणही तसंच होतं. या सहलीतल्या एकेका ठिकाणाचं त्यांनी बायकोला जन्मभर रसभरीत वर्णन ऐकवलं होतं आणि त्यातल्या एकाही ठिकाणी त्यांनी आत पाऊल टाकलेलं नव्हतं. ड्रायव्हरला गाडी सोडता येत नाही. गाडी सोडून गेलं की पोलीस येतो, नाहीतर दुसरा गाडीवाला येऊन आडवी लावतो. प्रवासी आत जायचे, काका बाहेर थांबायचे. मग प्रवासी गप्पा मारत परत यायचे आणि त्या गप्पांतलं काहीबाही काकांच्या कानावर पडायचं.

याची सुरुवात साधीच झाली होती. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी काकांच्या आईने अंथरूण धरलं आणि पुढे कित्येक वर्षं ते सोडलं नाही. तिला कूस बदलायलाही माणूस लागायचं. काकूंचं घराबाहेर पडणं म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन धावत परत येणं. संध्याकाळी काका हातपाय धुऊन आत आले की काकू चहा पुढे करायच्या आणि विचारायच्या, "काय बघितलं आज?" पलंगावरून आईही मान वळवायची. अशा वेळी 'पार्किंग बघितलं' हे कुठल्या तोंडाने सांगणार? काकांनी प्रवाशांच्या बोलण्यातला एक धागा उचलला आणि त्याला थोडं तिखटमीठ लावलं. दुसऱ्या दिवशी आणखी थोडं लावलं. संग्रहालयातला घोडा बघता बघता दोन मजली झाला. राजवाड्यातल्या दिवाणखान्याला काचेची जमीन आली आणि तिच्याखाली मासे पोहायला लागले. आई तर अंथरुणात पडल्या पडल्या म्हणायची, "बाई बाई! आणि त्यांना दाणे कुठून टाकतात रे?" मग काकांनी जमिनीला एक खिडकीही बसवून दिली.

आज त्या घोड्याची आणि त्या माशांची काकूंशी गाठ पडणार होती. आपलं पितळ उघडं पडायला आता फार तर अर्धा तास, असं मनात म्हणत काका खिडकीबाहेर बघत बसले.

गाडीतल्या गाडीत मात्र त्यांचा रुबाब कायम होता. गाईड पोरगी मायक्रोफोन हातात घेऊन बोलायची, त्याआधीच काका काकूंच्या कानात तेच वाक्य सांगून मोकळे व्हायचे. गाडीत बोललं जाणारं सगळं त्यांना पाठ होतं. "आता ती म्हणेल, डावीकडे पाहा," काका म्हणत, आणि गाईड म्हणे, "डावीकडे पाहा." काकू कौतुकाने मान डोलवत. काकांना थोडा धीर आला.

संग्रहालयाशी गाडी थांबली. काका उतरले आणि "चला, माझ्या मागोमाग या," असं म्हणून तरातरा चालायला लागले. काकू निघाल्या, म्हणून सीटवाल्या बाई निघाल्या, आणि त्यांच्यामागे निम्मी गाडी निघाली. काका भिंतीला वळसा घालून एका लोखंडी दारापाशी पोचले आणि त्यांनी दार ओढलं. ते उघडेना.

"काका!" गाईड मागून धापा टाकत आली. "अहो, ही बाहेर पडायची वाट आहे. आत जायचं पुढून!"

काकांचे कान तापले. त्यांनी प्रवाशांना जन्मभर याच दारातून बाहेर येताना पाहिलं होतं. लोक आत कुठून शिरतात, हा प्रश्न त्यांना आजवर पडलाच नव्हता. काकूंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि त्या पुढच्या दाराकडे वळल्या.

आत गारवा होता. पहिलं दालन झालं, दुसरं झालं आणि तिसऱ्या दालनात गाईड एका काचेच्या पेटीपाशी थांबली. "आणि हा आपला प्रसिद्ध घोडा!"

पेटीत मांजराएवढा घोडा होता. काम मोठं नाजूक होतं, शेपटीचा केसन् केस दिसत होता. लोकांनी माना खाली घालून वाहवा केली. काकू मात्र मान वर करून छताकडे बघत होत्या.

"हा नव्हे तो," काका घाईघाईने म्हणाले. "तो मोठा वेगळा. दुरुस्तीला नेला असेल."

"दुरुस्तीला?"

"म्हणजे, पाय बिय मोडला असेल."

"हो का," काकू म्हणाल्या. त्यांनी वळून दालनाचं दार डोळ्यांनी मोजलं. "बाहेर कसा काढला असेल हो एवढा? बसवून?"

काकांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. काकू पुढच्या पेटीकडे वळल्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते, पण रुमालामुळे काकांना ते दिसलं नाही.

राजवाड्यात काय होणार, या धसक्याने त्यांना पुढचा रस्ता नीट दिसलाही नाही. इथे ते मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहिले. लांबच लांब जिना चढून सगळे वरच्या दिवाणखान्यात आले. आरसे होते, झुंबरं होती, गाईड सांगत होती त्याहून सगळं सुरेखच होतं. जमीन साध्या करड्या फरशीची होती. पुसून पुसून गुळगुळीत झालेली, पण फरशीच.

काकू उंबऱ्यात थांबल्या. त्यांनी नवी चप्पल काढून हातात घेतली आणि पायाखाली खरंच काही हलत असावं तशी जपून जपून पावलं टाकत त्या खिडकीजवळच्या बाकापर्यंत गेल्या आणि बसल्या. ते बघून काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. सबंध आयुष्यात बायकोला एकच गोष्ट भरभरून दिली, आणि तीही खोटी निघाली, असं त्यांना वाटलं. ते जाऊन तिच्याशेजारी बसले. 

"तुम्ही आत कधी आलाच नव्हतात ना?" काकूंनीच विचारलं.

"गाडी सोडून येता येत नाही गं," काका खाली मान घालून म्हणाले.

"मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"आपली लेक शाळेच्या सहलीला इथे आली होती ना, तेव्हापासून. वर्गभर सांगून आली होती, जमिनीखाली मासे आहेत म्हणून. पोरींनी इतकं हसं केलं तिचं! घरी आली ती रडत. म्हणाली, बाबांना आत्ताच्या आत्ता विचारते."

"मग? मला तर काही बोलली नाही ती."

"मी नाही बोलू दिलं. तिला म्हटलं, आजीला मासे आवडतात. तू गप्प बसायचं. मग काय, तीही रोज येऊन बसायला लागली ऐकायला. तुम्ही सोनेरी मासे घातलेत ना मागाहून, ते तिला सगळ्यांत आवडले होते."

काका तिच्याकडे वळले. "अगं, पण मग तू रोज विचारायचीस कशाला? खोटं आहे हे माहीत असून?"

"अहो, दिवसभर मी फरशीच पुसत होते," काकू म्हणाल्या. "संध्याकाळी पुन्हा फरशीच ऐकायची होती का मला?"

काका हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, आणि घोड्याच्या मोडलेल्या पायाची आठवण होऊन काकूंना इतकं हसू लोटलं की पहारेकरी दोनदा येऊन बघून गेला.

"बरं, आता खरं सांगा," त्या चप्पल घालत म्हणाल्या. "एवढी वर्षं तुम्ही बघत काय होता? ते दाखवा मला."

"पार्किंग? तिथे काय आहे बघण्यासारखं?"

"ते मी ठरवीन."

गाईड पुढच्या दालनात गेली होती. काका काकूंना घेऊन मागच्या वाटेने निघाले. ही वाट मात्र त्यांना बरोबर माहीत होती, कारण ती बाहेर पडायची होती. राजवाड्याच्या पाठीमागे उंच भिंतीलगत मोकळी जागा होती. नव्या ड्रायव्हरने आजची गाडी पुढच्या फाटकाशी लावली होती, त्यामुळे इथे चिटपाखरूही नव्हतं.

काका आधी चाचरत बोलत होते, मग रंगात आले. ही भिंतीची सावली. ती सरकेल तशी सगळे ड्रायव्हर आपापली गाडी सरकवतात, त्यावरून भांडणंही होतात. हा नळ, उलटा फिरवला तरच पाणी येतं. हे झाड. पाण्याच्या बाटल्यांतलं उरलंसुरलं पाणी सगळे इथेच ओतायचे, त्यावर ते वाढलं, कोणी लावलेलं नाही. त्या खिळ्याला गाडीचा जुना आरसा टांगलेला असायचा. दाढी राहिली असेल त्याने तिथे उरकायची. आणि ती वरची खिडकी दिसते ना, ती दिवाणखान्याची. तिच्यात प्रवाशांची डोकी दिसायला लागली की समजायचं, आता हे माशांपाशी आले. आता गाडी सुरू करायची वेळ झाली.

"आपण आत्ता तिथेच बसलो होतो!" काकू मान वर करून म्हणाल्या.

"हो. मी खालूनच बघायचो नेहमी."

मग काकांनी जमिनीकडे बोट दाखवलं. तिथे परातीएवढा काळाकुट्ट डाग होता. "हा माझा. आमची जुनी गाडी तेल टाकायची. थेंब थेंब पडून झालाय. पाऊस आला तरी जात नाही."

काकूंनी पर्समधून चष्मा काढला. घोड्यासाठी त्यांनी तो काढला नव्हता. वाकून त्यांनी डाग चहूबाजूंनी नीट पाहिला. "माझ्या हातून ओट्यावर एक थेंब तेल सांडलं की केवढं बोलता हो मला!" त्या म्हणाल्या. पण त्यांनी डागावर पाय पडू दिला नाही, कडेने फिरून त्या काकांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

तेवढ्यात फाटकाकडून लांबलचक हॉर्न ऐकू आला. मग दुसरा.

"कोण राहिलंय बघ अजून," काका सवयीने वैतागले. "लोकांना वेळेची किंमत नाही."

"अहो, आपणच राहिलोय!"

काकूंचा हात धरून काका पळत सुटले. ते फाटकापाशी पोचले तेव्हा तिसरा हॉर्न नुकताच संपत होता आणि इंजिन सुरू झालं होतं. सगळी गाडी खिडक्यांतून त्यांच्याकडे बघत होती.

"काका, तुम्हीच शिकवलंय," नवा ड्रायव्हर हसू दाबत म्हणाला. "तिसऱ्या हॉर्नला निघायचं. मग राहिलेला खुद्द मालक का असेना."

"बरोबर आहे तुझं," काका धापा टाकत म्हणाले. सीटवाल्या बाईंना त्यांनी आपणहून हात जोडले. पुढच्या सबंध प्रवासात त्यांचा उजवा पाय जागचा हलला नाही, कारण काकू खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या होत्या आणि काकांचं लक्ष रस्त्याकडे नव्हतंच.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. काकूंनी चहा ठेवला. रिटायर झाल्यापासून दिवसाची ही वेळ दोघांनाही जड जात होती. काका घरातच असायचे. चहा व्हायचा, पण कोणी काही विचारायचं नाही, कारण विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. काकूंच्या ओठांवर प्रश्न यायचा आणि त्या तो चहाबरोबर गिळायच्या. काकांना ते दिसायचं, आणि ते नव्या घड्याळाकडे बघत बसायचे.

आज काकांनी न्हाणीघरात जाऊन हातपाय धुतले आणि ते बाहेरून आल्यासारखे दारातून आत आले. आईचा पलंग होता तिथे आता दोन खुर्च्या होत्या. त्यातल्या एकीवर काकू बसल्या होत्या. त्यांनी चहा पुढे केला.

"काय बघितलं आज?"

काका बसले. त्यांनी आधी चहाचा एक घोट घेतला.

"घोडा बघितला," ते म्हणाले. आज तो त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता, म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि गुडघ्याच्याही खाली, अगदी बरोबर उंचीवर धरला. "एवढासा."

काकूंनी त्या हाताकडे पाहिलं. मग हातातली बशी खाली ठेवून त्यांनी काकांचं मनगट धरलं आणि तो हात हळूच वर उचलला. गुडघ्याच्या वर, खांद्याच्या वर, आणि बसल्या जागेवरून त्यांचा स्वतःचा हात पुरेना, तशा त्या उठून उभ्या राहिल्या.