धन्याचा वाडा

"बाई, शेळ्या बाहेर काढा. हे प्राचीन स्थळ आहे."

"प्राचीन असंल तुजा आजा! माज्या शेळ्या मुततात त्या जागंला प्राचीन म्हनतो व्हय?"

चिमाबाई भर पावसात दारात आडवी उभी. समोर पुण्याचा कौस्तुभ साहेब, छत्री धरून. बाजूला पंचायतीतला वसंत, मान खाली घालून. कुंपण झालं होतं, निळी पाटीही लागली होती: 'प्राचीन राजवाड्याचे अवशेष. जनावरे बांधण्यास मनाई.'

आता हे झालं कसं? गाव टेकडीच्या उतारावर. वर हद्दीचा दगड, त्यापलीकडे महाराष्ट्र आणि कोरीव खांबांचं जुनंपुराणं पडकं देऊळ. सेलवासच्या साहेबलोकांना पर्यटकांना दाखवायला अवशेष हवे होते, पण हद्दीच्या अलीकडे! उन्हाळ्यात त्यांनी नेमलेला कौस्तुभ साहेब शोधत आला. एक भिंत ढासळलेली बघून म्हणाला, "हे कुणाचं?"

मेलेल्या नवऱ्याचंही नाव चिमाबाई घेत नाही. म्हणाली, "धन्याचा वाडा." धनी म्हणजे नवरा, वाडा शेळ्यांचा. पण पुणेकराला वाडा म्हटलं की चौक, दिंडीदरवाजाच दिसायचा!

"धनी म्हणजे इथला राजा?"

"राजाच व्हता की. माजा."

'माजा' तेवढं साहेबाला ऐकूच गेलं नाही. शिकलेली माणसं अशीच, हवं तेवढंच ऐकतात.

"धोंडं उचकून बघ, त्याची बिडीची पुडी गावंल," चिमाबाई आता ओरडली. साहेबाने वहीत टिपलं, 'स्थानिक आख्यायिका.'

"अकरा शेळ्या पावसात मारू का मी?"

"तो आमचा विषय नाही."

"आनि ते वरचं देऊळ?"

"ते आमच्या हद्दीत नाही."

"म्हंजे तितं तुजी मनाई नाय?"

"नाही, पण..."

"काकी, पलीकडचा साहेब बोंबलंल," वसंत पुटपुटला.

"त्यो चढून येईल तवा बघू."

चिमाबाईने शेळ्या हाकल्या त्या थेट देवळात. अकराच्या अकरा कोरड्या बसल्या, रवंथ करत. पलीकडचा साहेब काही फिरकला नाही. एवढा चढ कोण चढतो!

रविवारी सायलीतल्या कारखान्याचे मॅनेजर नंदकुमार बायकोला घेऊन आले. कुंपणापाशी त्यांनी बूट काढले आणि लेंड्यांत अनवाणी उभे राहून म्हणाले, "इथे दरबार भरत असेल, नाही?"

"भरायचा तर!" वरून चिमाबाई ओरडली. "मदी बोकड बसायचा!"

नंदकुमारांनी हात जोडले.