शब्दकोशाचं वजन

सोमवारी सकाळी फरशीवर बसवायच्या लाकडी फळ्यांची सोळा खोकी घरात आली आणि मला राहवेना. शुक्रवारी आमची ही घरी येणार होती, गुडघ्याचं ऑपरेशन करून, वॉकर घेऊन. बाहेरच्या खोलीतल्या फरशीच्या वर आलेल्या कडेला अडखळूनच ती पडली होती. ती परत येईल तेव्हा पायाखाली एकही कड नसेल, असं मी ठरवून टाकलं होतं. घरातलं काही मी ठरवायची ही पहिलीच वेळ.

मिस्त्रींनी आदल्या आठवड्यातच कडा घासून खड्डे भरले होते. लेकीला हाताशी घेऊन मी पुस्तकांची कपाटं रिकामी करून पुस्तकं आतल्या खोलीत नेली होती.

"काका, खोकी दोन दिवस त्याच खोलीत राहू द्या, घरची हवा लागू दे," मिस्त्री फोनवर म्हणाले. "उघडू मात्र नका."

उघडली नाहीत. फक्त नीट लावली. चाळीस वर्षं ग्रंथालयात काढलेला माणूस मी. आडवी रचली की खालच्या पुस्तकाची पाठ मोडते, हे हाडात भिनलेलं. सोळाही खोकी भिंतीला टेकवून ओळीत उभी केली आणि चार पावलं मागे जाऊन बघत राहिलो. काय देखणी दिसत होती!

बुधवारी मिस्त्री आले. एक खोकं फोडून त्यांनी फळी जमिनीवर ठेवली. ती मधे खालच्या बाजूला फुगलेली, टोकाला बोट लावलं की पाळण्यासारखी डुलायची. दुसरी तशीच. तिसरीही.

"उभी कुणी ठेवली ही?"

"मी," मी म्हणालो.

"पुस्तकं आहेत का काका ही?"

लेक खो खो हसत सुटली. मिस्त्री मात्र हसले नाहीत. "वजनाखाली सपाट ठेवून उद्यापर्यंत सरळ झाल्या तर ठीक. नाहीतर नव्या मागवायच्या. आठवडा गेला म्हणून समजा."

आठवडा! शुक्रवार माझ्यामुळे बुडणार होता. नसत्या फंदात कशाला पडलो, असं झालं.

"वजन सगळीकडे सारखं हवं," मिस्त्री म्हणाले. "आहे काही घरात?"

लेकीनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. आणि दोघंही आतल्या खोलीकडे पळालो. हो, पळालो! या वयात!

बाहेरच्या खोलीच्या मधोमध सगळ्या फळ्या फुगीर बाजू वर करून आडव्या रचल्या आणि त्यांवर पुस्तकं टाकत गेलो. जन्मात पहिल्यांदा आडवी.

"तो जाडा मधे, मधे!" मिस्त्री ओरडले. जाडा म्हणजे माझा शब्दकोश. तोवर त्यांनी दाराच्या चौकटी खालून कापून घेतल्या, पुढे फळी आत सरकावी म्हणून.

तेवढ्यात हिचा फोन. लेकीनं सगळं सांगून टाकलं.

"अगं, चाळीस वर्षं विचारत होते, एवढी पुस्तकं करायचीत काय," पलीकडून आवाज आला. "सांग त्यांना, मिळालं एकदाचं उत्तर."

गुरुवारी मिस्त्री यायच्या आधीच मी पुस्तकं उतरवून ठेवली. वरच्या फळीला हात लावायचं धाडस होईना. त्यांनीच ती उचलून जमिनीवर ठेवली, एका टोकाला अंगठा दाबला. दुसरं टोक उठलं नाही. मी खिशातलं पोस्टकार्ड फळीखाली सारून पाहिलं. शिरेना! दुसरीखालीही नाही. एकेक करत बघत गेलो.

"काका, सगळ्या तपासणार का? संध्याकाळपर्यंत खोली व्हायचीय ना?" मिस्त्री आता हसत होते. भिंतीपासून बोटभर जागा सोडून ते पहिली ओळ मांडायला बसले.

मी फोन लावला. एरवी फोन नेहमी तिचाच येतो.

"ये उद्या," मी म्हणालो. "वॉकर कुठे अडणार नाही."

"आणि पुस्तकं? कुठे पसरलीत?"

"उभी करतोय गं, उभीच करतोय!"