लाल दोऱ्याची बाजू

सरकारने आमच्या गावात पाणी गाळायचं फडकं वाटलं, त्याच्या आधी तीस वर्षं मी पाणी गाळत होते. हे अगोदरच सांगून ठेवते. पुढचं वाचून कोणाला हसू आलं तर हसा, पण एवढं ध्यानात ठेवून हसा.

साल शहाऐंशीचं. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव, गावाला एकच पायविहीर. बत्तीस पायऱ्या उतरायच्या, गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि घागर बुडवायची. दर उन्हाळ्यात कोणाच्या ना कोणाच्या पायातून नारू निघायचा. आताच्या पोरांना नारू ठाऊक नाही, ते बरंच आहे. पायाला फोड यायचा, फुटायचा आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकं बाहेर काढायचा. हातभर लांब. काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा. मधेच तुटला तर पाय सुजून उखळ व्हायचा.

नारू हटवायचं सरकारने मनावर घेतलं, तेव्हा आरोग्य खात्याचा पितांबर सायकलवर आमच्याकडे येऊ लागला. धुळ्याच्या देवपुरातला माणूस, दोन लेकरांचा बाप, बोलणं मात्र शाळामास्तरासारखं. विहिरीत औषध टाकायचा. मग घरोघर फडकी दिली, एका बाजूला काठाने लाल दोरा शिवलेला.

"अक्का, नारूचं बी पाण्यातल्या बारीक किड्याच्या पोटात असतं. तो किडा फडक्यात अडकतो. लाल दोऱ्याची बाजू कायम वर ठेवायची."

"मला गाळणं शिकवतोस? तुला दात नव्हते तेव्हापासून गाळते मी."

"असू द्या. पण दोरा वर, अक्का."

मला वाटलं, रेशनच्या पोत्यावर शिक्का असतो तसा हा दोरा. सरकारचा माल ओळखू यावा म्हणून.

त्याच उन्हाळ्यात शेजारच्या ताईबाईच्या पायाला नारू निघाला. मी भर ओट्यावरून ओरडले, "फडकं काय डोक्याले बांधस का व तू? ज्यासना घरमा घाण, त्यासनाच पायले नारू!"

आळीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. ताईबाई लंगडत आत गेली.

पुढच्या वर्षी चैत्रात माझ्या डाव्या घोट्याशी फोड आला.

पहिले दोन दिवस मी त्याला ढेकूण चावला म्हणाले. तिसऱ्या दिवशी तो फुटला आणि दोरा दिसला. मी चुलीपुढे बसून काडी घेतली, गुंडाळला, वर चिंधी बांधली, लुगड्याचा काठ खाली ओढला. घरात सांगितलं, गुडघा धरलाय. नारूचा पाय विहिरीत घातला की बी पाण्यात पडतं, एवढी अक्कल मला होती. म्हणून पाण्याला सून जाऊ लागली. लता, सातवा महिना लागलेली.

आठ दिवसांनी ती शेवाळलेल्या पायरीवरून घसरली. घागर ठणठणत पाण्यात गेली. ही कशीबशी भिंतीला धरून वाचली. घरी आली तेव्हा ओठ पांढरे पडलेले. तिच्या मागे डोक्यावर आमची घागर घेऊन ताईबाई. घागर ओट्यावर ठेवली, माझ्याकडे बघितलंही नाही. दुसऱ्या दिवसापासून लताचं पाणी तीच आणून द्यायची.

मला भाकर गोड लागेना.

त्याच आठवड्यात तालुक्याहून साहेब आले. मारुतीच्या पारापुढे टेबलखुर्ची मांडली. सारं गाव जमलं, कारण हातपंपाची गोष्ट होती. पंप झाला की विहिरीत उतरायचं काम संपलं. पितांबरने वही उघडली.

"साहेब, घरोघर विचारलं. या वर्षी नारूचा एकही रोगी नाही."

साहेब खूश. "शाब्बास! गाव सुधारलं. मग बोअरची गाडी आधी पलीकडच्या गावाला पाठवू. तिथे चार जणांना नारू आहे. ज्या गावात नारू, त्या गावाला पंप पहिला. तुमचं पुढच्या वर्षी बघू."

उखर्डूभाऊच्या पोटरीला महिनाभर फडकं होतं, काटा मोडला म्हणून सांगत होता. मला तेव्हा कळलं, गाव नारू का लपवतंय. मी ताईबाईची जी शोभा केली ती सगळ्यांनी पाहिली होती. लता कमरेवर हात ठेवून उभी होती. अजून वर्षभर बत्तीस पायऱ्या, आणि कडेवर लेकरू.

मी उठले.

"साहेब, थांबा. लिखी ल्या. मंजुळाबाई, डावा पाय."

आणि काडीसकट पाय त्यांच्या टेबलावर ठेवला. साहेबांची खुर्ची हातभर मागे सरकली.

पितांबर धावत आला. "अक्का, तुम्ही? तुमच्याकडे तर पाणी गाळतात!"

"गाळतो ना. तुझ्याच फडक्याने. एक दिवस खाडा नाही."

"दाखवा बरं कसं."

लताने घरून घागर-फडकं आणलं. "काल दोरा वर व्हता, आज खाले. आत्याबाईंनी तसंच शिकाडेल शे."

"मग?" मी म्हणाले. "भाकर एकाच बाजूने भाजली तर करपते. फडकं एकाच बाजूने वापरलं तर झिजतं. म्हणून रोज उलटायचं. मी साऱ्या आळीला शिकवलंय."

पितांबर कपाळाला हात लावून पाराच्या कट्ट्यावर बसला. "अक्का, काल वर अडकलेला किडा आज तुम्हीच फडकं उलटं करून घागरीत धुतलात! आणि नारू आज दिसला तरी पाणी वर्षामागचं असतं. मागच्या वर्षी ताईबाईंना निघाला तो फडकं यायच्या आधीच्या पाण्याचा."

मी टेबलावरचा पाय खाली घेतला.

तेवढ्यात उखर्डूभाऊ ओरडला, "म्हंजे मन्हा काटा बी तुन्हाच शे, अक्का!" आणि पोटरीचं फडकं सोडलं. गाव खदाखदा हसलं. मग मागून कौतिक पुढे आला, मग भिकुबाई, मग तिची जाऊ. सगळे आमच्याच आळीतले, सगळे माझे चेले. साहेबांनी एकेक नाव लिहिलं.

मी बोटांवर मोजलं. "पाच झाले, साहेब. पलीकडे चार. पहिले पंप आमले."

साहेबही हसले. गाडीचा कागद तिथेच लिहिला.

घरी जाताना ताईबाई शेजारून चालत होती. मग म्हणाली, "काय व अक्का, फडकं डोक्याले बांधेल व्हतं का?"

"नही व बहिन," मी म्हणाले, "उलटं बांधेल व्हतं."

ती एवढी हसली की तिला कुडाला धरावं लागलं.

आषाढात पंप बसला. विहिरीच्या पायऱ्या भिंत घालून बंद केल्या. लताला मुलगी झाली होती, बारा दिवसांची. सरपंचाने नारळ माझ्या हातात दिला. मी तो फोडला, पण पंपाचा दांडा पहिल्यांदा ताईबाईच्या हातात दिला. तिचा नारू माझ्याहून वर्षाने मोठा, मान तिचा.

पितांबर सायकल टेकवून बघत होता. "अक्का, हे पाणी जमिनीच्या पोटातलं. याला गाळायची गरज नाही."

"तू मला शिकवू नकोस," मी म्हणाले आणि घागरीवर फडकं पसरलं. लाल दोरा वर.