ग्रॅच्युइटीऐवजी मिळालेली शाल

थांबा, लगेच घडी घालून पिशवीत कोंबू नका. आधी माझं जरा ऐकून घ्या. मी शाल बोलतेय. निरोप समारंभात खांद्यावर टाकतात ना, ती. मरून रंगाची, सोनेरी काठाची, मानेला टोचणारी.

माझा जन्म पानिपतच्या एका मागावर झाला. लोकरीचं म्हणाल तर माझ्यात नावालाही नाही, सगळा कृत्रिम धागा. तिथून गठ्ठ्यात बांधून मी कल्याणच्या बाजारात आले. मला एकच हौस होती, कुणीतरी मला पांघरून गाढ झोपावं. पण आमच्या नशिबात झोप नसते, फोटो असतो. खांद्यावर टाकली, टाळ्या झाल्या, फोटो निघाला, की माणूस मला काढून टाकतो, कारण उकडत असतं. आमच्या या ठाण्या-कल्याणात शाल! माझ्याबरोबर नारळ देतात, त्याचं बरं असतं. दुसऱ्या दिवशी त्याची चटणी होते आणि तो सुटतो.

मला डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका पॅकिंगच्या कंपनीनं विकत घेतलं. एकटीला नाही, आम्ही दोन डझन होतो. एच.आर.चे प्रितम साहेब दुकानदाराला म्हणाले, "चला, वर्षभराची सोय झाली." मला वाटलं, काय प्रेमळ कंपनी आहे, वर्षाला चोवीस माणसांचा सत्कार करते! साहेबांच्या केबिनमधल्या कपाटात महिनाभर काढल्यावर डोक्यात प्रकाश पडला. इथे माणसं टिकतच नव्हती. कुणी साडेचार वर्षांनी जायचं, कुणी पावणेपाच. पाच वर्षं भरली की नोकरी सोडणाऱ्याला ग्रॅच्युइटी द्यावी लागते, म्हणजे केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. म्हणून पाचवं वर्ष सरत आलं की माणसाची शिफ्ट बदलायची, ओव्हरटाइम बंद व्हायचा, चहा प्यायला उठलं तरी साहेबांच्या कपाळावर आठी. माणूस कंटाळून राजीनामा द्यायचा आणि माझी एखादी बहीण कपाटाबाहेर पडायची.

सुदेशला मात्र कुणी कंटाळा आणला नाही. तो आपल्या पायांनी चालत आला.

सुदेश पॅकिंग लाइनचा सुपरवायझर. ठाकुर्लीच्या जुन्या गावठाणात घर, घरात आई कमळाबाई आणि बायको समिधा. कळव्याच्या एका कंपनीत त्याला जास्त पगाराची नोकरी लागली होती. ते लोक म्हणाले होते, "सप्टेंबरात कधीही या." कधीही! एवढी मोकळीक कोण देतं हो आजकाल? पण कमळाबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवलं. गणपती गेले की पितृपक्ष लागत होता. त्या पंधरवड्यात त्यांच्याकडे कुणी घर बघत नाही, गाडी घेत नाही, मग नोकरी कशी धरणार?

"आरं, पितरांचे दिसान कोन नवा काम धरतं का?" त्या म्हणाल्या. "जायचा हाय तं चवदशीच्या आदी जा."

झालं. सुदेशनं गणपतीतच राजीनामा दिला. आणि जायच्या दिवशी त्याची पाच वर्षं भरायला उरत होते बारा दिवस.

बारा दिवस हो! पितृपक्ष संपल्यावर घटस्थापनेला गेला असता तर याहून चांगला मुहूर्त सापडला असता. कमळाबाईंनीच आनंदानं पेढे वाटले असते. पण आपण कधी लागलो, पाच वर्षं कधी भरतात, याचा विचार सुदेशच्या मनाला शिवला नाही. समिधाला वाटलं, त्यानं बघितलं असेल. त्याला वाटलं, ऑफिस बघेल.

ऑफिसनं बघितलं होतं. तो केबिनमधून बाहेर पडल्याबरोबर प्रितम साहेबांनी अकाउंटंटला फोन लावला. "सतरा तारखेला याची पाच वर्षं होतात. हा पाचलाच चाललाय. आपण कशाला बोलायचं?" मग साहेब बाहेर जाऊन सुदेशला मोठ्या प्रेमानं म्हणाले, "नोटीस पिरियडचं टेन्शन घेऊ नको रे, मी ॲडजस्ट करतो." सुदेशचे डोळे भरून आले. मी कपाटात चडफडत बसले होते.

निरोप समारंभ कँटीनमध्ये झाला. समोसे होते, वेफर्स होते, भाषणं होती. साहेब म्हणाले, सुदेश म्हणजे आमच्या कुटुंबातला माणूस. आणि मला त्याच्या खांद्यावर टाकलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अरे वेड्या, मला फेक आणि बारा दिवस माग! पण मला कुठे तोंड आहे? त्यानं मान झुकवून मला घेतलं, सगळ्यांना नमस्कार केला आणि फोटोसाठी हसला.

महिन्याभरानं शेवटचा हिशेब आला. ग्रॅच्युइटीसमोर शून्य.

आता समिधाचं सांगते. ती घरी आगरी मसाला करून विकते. गावातल्या हळदी, लग्नं, जेवणावळी, सगळीकडे तिचाच मसाला जातो. पण मिरची कांडायला दुसऱ्याच्या गिरणीवर रांग लावावी लागते. कोपरच्या एका माणसाचं कांडायचं यंत्र विकायचं होतं. जागा होती, मीटर होतं, फक्त यंत्र यायचं होतं. ग्रॅच्युइटीचे सत्तरेक हजार त्यासाठीच धरले होते. तो माणूस फक्त होळीपर्यंत थांबायला तयार झाला. त्यानंतर मिरचीचा हंगाम, मग तो कशाला थांबेल?

"एकदा जाऊन विचारा तरी," समिधा म्हणाली.

"अगं, सगळ्यांसमोर शाल घातली त्यांनी मला. एवढा मान दिला. आता पैशांसाठी कसं भांडू? बरं दिसतं का ते?"

ऐकलंत? म्हणजे माझ्यामुळे! होलसेलमध्ये नव्वद रुपयांना मिळणारी मी, आणि माझी भीड याला सत्तर हजारांना पडली. समिधाच्या लग्नातल्या साड्यांखाली, डांबराच्या गोळ्यांच्या वासात मी पडून होते आणि माझा जीव नुसता जळत होता.

दिवाळीनंतर समिधाची मावसबहीण कृतिका मसाला न्यायला आली. ती वर्तकनगरला राहते, कामगार कोर्टात वकिली करते. सगळं ऐकल्यावर तिनं कपाळाला हात लावला.

"दाजी, पाचव्या वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की ते वर्ष पूर्ण धरायचं, असं काही हायकोर्टांनी मानलंय. तुमचे तर त्याच्या कितीतरी वर भरलेत. कंपनी नाही म्हणेल, म्हणू दे. आपण अर्ज करू."

तिनं तिथेच बसून अर्ज लिहून दिला. सुदेश म्हणाला, "बघू."

डिसेंबरात बघू. संक्रांत झाल्यावर बघू. माणसाच्या तोंडातला सगळ्यात संतापजनक शब्द कुठला विचाराल तर मी हाच सांगेन. समिधा मात्र रोज गिरणीवरून लाल डोळ्यांनी, शिंकत घरी यायची.

होळी तोंडावर आली तेव्हा नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण झालं. त्यात समिधाच्या तोंडून ते बारा दिवसांचं निघून गेलं. कमळाबाईंना तोवर कुणी हे सांगितलंच नव्हतं. त्या ताटावरून उठल्या.

"म्हंजे माज्यामुलं गेलं?"

सकाळी त्यांनी कपाट उघडलं, साड्या बाजूला सारल्या आणि मला पिशवीत घातलं. सुदेशला म्हणाल्या, "चल. तो कागूद पन घे."

आम्हाला केबिनच्या दारात बघून प्रितम साहेब उभे राहिले. "या आई, बसा. चहा घेणार?"

कमळाबाई बसल्या नाहीत. मला टेबलावर ठेवून म्हणाल्या, "ही घे तुजी शाल. मान भरून पावला. आथा माजे पोराच्या पाच वर्सांचं काय ते बोल."

"आई, नियमात बसत नाही ना. पाच वर्षं पूर्ण लागतात. बारा दिवस कमी पडले, आम्ही तरी काय करणार?"

"त्यानं राजीनामा दिला तवा तुला म्हाईत होतं?"

साहेब मोबाइल चाळायला लागले. मला माहीत होतं त्यांना माहीत होतं. तो फोन झाला तेव्हा मी तिथल्याच कपाटात होते!

आणि मग सुदेश बोलला. "साहेब, एक शब्द सांगितला असता तर मी थांबलो असतो. मी इथे जीव लावून काम केलंय. मला मान नको, माझी ग्रॅच्युइटी पाहिजे. हा अर्ज घ्या आणि माझ्या कॉपीवर शिक्का मारून द्या. नाहीतर मी इथून थेट लेबर ऑफिसला जातो."

शिक्का मिळाला. ती दोघं निघून गेली आणि मी टेबलावर राहिले. त्या क्षणी मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी नाकारलं, आणि खरं सांगते, मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

पैसे मिळाले का, असं विचाराल. नाही. कंपनीनं लेखी नकार दिला, प्रकरण ठाण्याच्या कामगार कार्यालयात गेलं आणि आता तारखा पडतात. होळी गेली, कोपरच्या माणसानं यंत्र दुसऱ्याला विकलं. समिधाचा हा हंगाम रांगेतच गेला असणार. पण सुदेश एकही तारीख चुकवत नाही. हे मला कळतं, कारण प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवशी प्रितम साहेब फोनवर कुरकुरतात, "त्या सुदेशमुळे परत ठाण्याला मरायला जायचंय."

माझं काय झालं? साहेबांनी मला झटकून नव्या प्लास्टिकच्या पिशवीत घातलं. टाकून कोण देतं? शुक्रवारी क्वालिटी डिपार्टमेंटच्या समृद्धीचा निरोप समारंभ आहे. तिचं लग्न ठरलंय, हळदीच्या आधी नोकरी सोडायची असं सासरचं म्हणणं. तिची पाच वर्षं भरायला तीन आठवडे उरलेत. साहेबांनी तिलाही मोठ्या मनानं नोटीस पिरियड माफ केलाय आणि समोसे सांगून ठेवलेत.

मी बोलू शकत नाही, तुम्ही बोलू शकता. एमआयडीसीत कुणी समृद्धीला ओळखत असेल तर तिला एवढंच सांगा, बाई गं, तीन आठवडे थांब, सासरचेही थांबतील. शुक्रवारी दुपारी चारला ते मला तिच्या खांद्यावर टाकणार आहेत.