मक्याच्या कण्यांची पंगत

"आजबी पांचट पेजच असन. ढोराले तरी सरकी भेटते बापा," पडद्यामागून पंजाबराव पुटपुटले. बायकोला तेवढं ऐकू जाईल, इतपतच आवाज.

मनकर्णाला हसू आलं. सात महिन्यांनी नवरा कुरकुरला होता. ऑपरेशन झाल्यापासून हा माणूस पुढ्यात येईल ते मुकाट गिळायचा, त्याचीच तिला जास्त भीती वाटायची.

"आज पेज नाही," ती पडद्याला तोंड लावून म्हणाली. "आज इटलीचं जेवण हाय."

"कुठचं?"

"पाहुण्यायसंगं बसान तवा समजन."



नागपूरला जबड्याचा डावा भाग काढला, तेव्हापासून पंजाबराव त्या पडद्यामागे भिंतीकडे तोंड करून जेवत. घास ओठाच्या कोपऱ्यातून ओघळायचा, म्हणून गळ्याशी टॉवेल. आजाराचं नाव घरात कुणी घेत नव्हतं. वलगावात सगळ्यांना सांगितलं होतं, दाढेचं ऑपरेशन. तेल्हाऱ्याच्या महादेवरावांनाही तेच सांगितलं होतं. महादेवराव म्हणजे लेकीचे, आचलचे, होणारे सासरे. "रोगाचं घर म्हणून नाव झालं, तं पोरगी उजवन का?" असं पंजाबरावांची थोरली बहीण म्हणाली होती.

आज तेच महादेवराव साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढायला येणार होते. मनकर्णाची इच्छा एवढीच, की लेकीच्या बापानं आज पंगतीत बसावं. चारचौघांत. उजेडात.

युक्ती आचलची. तिनं मोबाइलवर कुठल्याशा गोऱ्या बाईचा व्हिडिओ दाखवला. पातेल्यात काहीतरी पिवळंधमक रटरटत होतं. "पोलेंटा म्हंतात याले. चावायचं कायच नाही, आई. अन् सगळ्यायलेच हे वाढलं, तं बाबांचं ताट येगळं दिसनच नाही!"

मनकर्णानं व्हिडिओ तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा ती ओरडलीच, "अवं माय, ह्या तं मक्याच्या कण्या व!"

आणि कण्या म्हटल्यावर तिला कोण शिकवणार? सव्वीस वर्षं गावातली गिरणी ती चालवत होती. नवरा शेतात, ही पट्ट्याच्या धडधडीत. केस पिठानं पांढरे झाले की वयानं, हे तिचं तिलाही आता सांगता येत नव्हतं. आदल्या दिवशी दुपारी तिनं आधी मूठभर ज्वारी दळून दगडांतला मिरचीचा वास काढला, मग दगड आवळायचं चाक अर्धा फेरा ढिलं केलं. मका पडू लागला. चिमटीत धरून पाहिला. जाड. चाक जरासं आवळलं. अजूनही जाडच. पुन्हा आवळलं. रव्याहून किंचित भरड उतरला, तेव्हा कुठे तिनं मान हलवली.

"काकू, आमचे गहू कवा?" रांगेतली एक जण वैतागली.

"थांब व, इटलीचं दळून राहिली!"

सगळी रांग हसली. मनकर्णा सगळ्यांत जास्त.

आज, रविवारी, सकाळी तिनं दूधपाणी उकळत ठेवलं. कण्यांची बारीक धार सोडत ढवळायला सुरुवात केली. पाच मिनिटांत पातेलं फट् फट् उडायला लागलं. एक ठिपका मनगटावर, एक आचलच्या नव्या ओढणीवर.

"चाळीस मिनिटं ढवळायचं, आई. हात थांबला नाही पाहिजे."

"माहा हात सव्वीस वर्षं थांबला नाही, पोरी."

लोणी पडलं, किसलेलं चीज पडलं. पातेलं हळद लागलेल्या नवरीसारखं चकाकायला लागलं. मनकर्णानं बोटावर घेऊन चाखलं आणि डोळेच मिटले.

तेवढ्यात होणाऱ्या जावयाचा, स्वप्निलचा, फोन आला. दर्यापूरपाशी टायर पंक्चर. तास तरी लागेल.

तासानं झाकण उघडलं तर पळी पातेल्यात ताठ उभी. सगळं थिजून दगड!

"जमलं तं जमलं," मदतीला आलेल्या थोरल्या नणंदबाई म्हणाल्या. "परातीत थाप अन् पाटवडीवानी वड्या काप. पाहुणे बोटं चाटतीन."

खरंच होतं. पाहुण्यांनी चाटलीच असती.

"ताई, वडी कोणाले चावता येत नाही, ते तुमाले माहीत हाय ना?" मनकर्णा म्हणाली आणि खुंटीवरची ताकाची रवी ओढली. "आचल, दूध गरम कर. उकळतं पाहिजे."

आचल धार सोडत गेली, मनकर्णा घुसळत गेली. गाठी फुटल्या, दगड सैल झाला, रवीभोवती पिवळी साय फिरू लागली. दारात गाडीचा हॉर्न वाजला, तेव्हा पळी आपोआप आडवी झाली होती!

पंगत बसली. प्रत्येक ताटात पिवळा गोल, मधल्या खळग्यात तूप, कडेला बिनतिखटाचं भरीत.

"हे काय जी?" महादेवरावांनी विचारलं.

"पोलेंटा," मनकर्णा अशा थाटात म्हणाली, जणू वलगावात दर सोमवारी हेच शिजतं.

महादेवरावांनी घास घेतला. थांबले. मग मांडीवर थाप मारली. "आमची माय कराची अशा कण्या! फक्त ठेचा आना बाप्पा थोडा!"

सगळे हसले. एक पाट रिकामा होता, त्याच्याकडे मात्र कुणी बघत नव्हतं. तेव्हा पडदा हलला. इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले पंजाबराव बाहेर आले आणि त्या पाटावर बसले. खांद्यावर टॉवेल.

पहिला घास गेला. दुसरा गेला. तिसरा ओठातून निसटला आणि पांढऱ्या सदऱ्यावर पिवळी रेघ ओढत खाली आला.

सगळ्यांचे हात थांबले.

"दाढ काहाडली ना त्याची, म्हनून," नणंदबाई घाईनं म्हणाल्या.

"हाव, हाव. दाढेचं दुखनं लय वाईट," महादेवराव म्हणाले. त्यांच्या बायकोनं मान हलवली. आचलनं हलवली. मनकर्णानंही हलवली आणि तिला स्वतःच्याच मानेची लाज वाटली.

पंजाबरावांनी सदरा सावकाश पुसला. ताट पुढे केलं. "वाढ," ते बायकोला म्हणाले. तिनं वाढलं. मग ते महादेवरावांकडे वळले. सात महिन्यांत परक्या माणसाशी ते बोलले नव्हते, शब्द अर्ध्या तोंडातून ओढून काढावे लागत होते.

"दाढ नाही, इवाई. कॅन्सर होता मले. वीस वर्षं तंबाखूचा खर्रा खाल्ला, त्याचा. पोरगी तुमच्या घरी देऊन राहिलो, तं हे तुमाले माह्या तोंडून समजलं पाहिजे."