चार आखूड प्लग

जुन्या गाड्यांचे प्लग पाहिजेत तर गैबीकडं जा, असं सगळं कोल्हापूर सांगायचं. आणि कोल्हापूरच सांगतंय म्हटल्यावर गैबी कशाला नको म्हणतोय? शिरोली नाक्याजवळ त्याचं खोपटाएवढं दुकान, आणि त्यात पत्र्याचे डबेच डबे. ज्या गाड्या निघायच्या बंद होऊन पन्नास वर्षं झाली, त्यांचे प्लग त्या डब्यांत. भंगारातून, मोडीत निघालेल्या गॅरेजांतून, मेलेल्या मिस्त्र्यांच्या घरनं त्यानं ते जमवलेले. माणूस गुणाचा, पण गुणाला फुशारकीची फोडणी जरा जास्तच पडलेली.

दसऱ्याच्या सकाळी कोडोलीचा उदयसिंह दुकानात आला. त्याच्या वडिलांची, गणपतरावांची, छप्पन सालची मोटार होती. दर दसऱ्याला दिवस मावळायच्या आत म्हातारा ती गावच्या शिवेपर्यंत न्यायचा आणि सोनं लुटून परत आणायचा. पण गेली तीन वर्षं मोटार गोठ्याशेजारी मुकी उभी होती. पोरानं कार्बोरेटर धुतला, नवी बॅटरी घातली. आता घोडं अडलं होतं ते प्लगांवर.

"आज सुरू झाली तर झाली," उदयसिंह म्हणाला. "न्हायतर हायवेवरचा हॉटेलवाला मागतोयच. इंजिन काढून टाकणार, तिथं शेवंतीच्या कुंड्या ठेवणार आणि दारात उभी करणार म्हणतोय. आबांनीबी हूं म्हटलंय. चालंना झाल्यावर ठेवून काय करायचं?"

त्यानं नमुन्याला एक जुना प्लग आणला होता, चिनीमाती तडकलेला. "मापाचं बघून द्या हं, चाचा," तो म्हणाला.

झालं. 'बघून द्या' हे शब्द गैबीला मिरचीसारखे झोंबले. त्यानं सरळ डोळे मिटून घेतले, खालच्या फळीवरचा कोपऱ्यातला डबा चाचपून ओढला, चार प्लग काढून उदयसिंहाच्या ओंजळीत टाकले आणि मगच डोळे उघडले.

"चाळीस वर्षं हेच केलंय," तो म्हणाला. "माझ्या हातालाच डोळं हायत. जा, लाव जा बिनघोर."

पोरगं खूश होऊन गेलं. गैबीही दुपारपर्यंत खुशीत होता.

दुपारी दुकान बंद करताना त्याला नमुन्याचा तो तडकलेला प्लग फळीवर पडलेला दिसला. आपल्या जातभाईंत राहू दे म्हणून त्यानं कोपऱ्यातला डबा उघडला आणि त्याचा हात थबकला. आतल्या प्लगांचे आटे नमुन्यापेक्षा चांगले नखभर लांब होते. त्यानं शेजारचा डबा उघडला. त्यात आखूड आट्यांचे चार प्लग चकाचक पुसून ठेवलेले, वर झेंडूची एक पाकळी.

काल खंडेनवमी होती. गैबी मुसलमान, पण हत्याराला कुठली आलीय जात? खंडेनवमीला दुकानात हार चढायचाच. त्याची बायको लालबी दरवर्षी सगळे डबे उतरवायची, रॉकेलनं प्लग पुसायची आणि परत लावायची. यंदा दोन डब्यांची जागा बदलली होती.

गैबी स्टुलावर बसला. आटे जाडीला दोन्हीचे सारखेच. लांब प्लग आखूड प्लगाच्या जागी गुमान बसतो, वरनं कुणाला कळत नाही. पण आत त्याचं टोक पिस्टनच्या वाटेत येतं. उदयसिंह किल्ली फिरवून सेल मारणार, पिस्टन उसळून वर येणार आणि प्लगावर आदळणार. पिस्टन फुटला की इंजिनाचा खेळ खलास. छप्पन सालचा पिस्टन आता कुणाच्या बापाकडं मिळायचा नाही.

त्यानं फोन लावला. नुसती रिंग. पुन्हा लावला. गावात दसऱ्याच्या पालखीपुढं हलगी कडाडत असेल, तिथं कोण फोन ऐकतंय?

मग राग निघाला तो जेवायला बोलवायला आलेल्या लालबीवर. "तुला कुणी सांगितलं होतं डबं इकडचं तिकडं करायला?"

"डबं मी हलवलं," लालबी म्हणाली. "डोळं कुणी मिटलं?"

गैबीनं झेंडूची पाकळी उचलून बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाला, "जुनंच इंजिन हाय म्हणा. फुटलं तर म्हणतील, वय झालं होतं. माझं नाव कोण घेतंय?"

लालबीनं खुंटीवरची स्कूटरची किल्ली काढून त्याच्या हातात ठेवली. "तूच घेशील की. उठताबसता घेशील. जा आता."

चार आखूड प्लग रुमालात बांधून गैबी निघाला. फोन डिकीत टाकला. पुलावर ही गर्दी. हार घातलेले ट्रॅक्टर, हार घातलेल्या मोटारसायकली, नव्या गाडीपुढं रस्त्यातच नारळ फोडणारे पावणे. एरवी गैबीनं चार शिव्या हासडल्या असत्या, आज तो नुसता हॉर्न दाबत राहिला. ऊन कलायला लागलं होतं. शिवेवर जायचं तर आता कुठल्याही घडीला ते गाडी सुरू करणार. प्रत्येक वळणावर त्याला तो आवाज ऐकू यायचा, लोखंडावर लोखंड आदळल्याचा.

हायवे सोडून वाठारला तो आत वळला आणि स्कूटर दोन आचके देऊन बंद पडली. किक मारून मारून पाय भरून आला. प्लग काढून बघितला तर तेलानं माखून पार मेलेला. डिकीत दुसरा प्लग नव्हता. शहरभर प्लग वाटणाऱ्याच्या डिकीत प्लग नाही, याला म्हणतात दिव्याखाली अंधार.

रुमालात चार होते. स्कूटरला आखूडच लागतो, माप तेच. पण त्यातला एक जळाला तर पाचवा कुठनं आणायचा? इथंच थांबलं तर चारही फुकट. त्यानं मनातल्या मनात पीरबाबाला हाक मारली आणि एक प्लग स्कूटरला बसवला. दुसऱ्याच किकला ती पेटली.

कोडोलीत शिरताना दिवस उसाच्या शेंड्यांवर टेकला होता. गणपतरावांच्या दारात माणसं जमलेली. मध्ये मोटार, काचेवर झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. आणि आवाज कसलाच नाही. फुटलं, गैबीला वाटलं, सगळं फुटून बसलं.

"आला बघा," उदयसिंह तावातावानं पुढं आला. "मघापासनं फोन लावतोय तुम्हाला. हँडल मारतोय तर अर्ध्यात अडतंय. म्हटलं सेल मारून बघू, तर आबा किल्लीच देईनात."

गणपतराव स्टिअरिंगमागं बसले होते, डोक्याला फेटा, हात बंडीच्या खिशावर. मोटारीच्या नाकात हँडल तसंच अडकलेलं.

"सेल मारला न्हाई?" गैबीनं विचारलं.

"न्हाई."

"मारू नका," गैबी म्हणाला. मग सगळ्या माणसांदेखत त्यानं सांगून टाकलं, "प्लग चुकीचं हायत. लांब आट्यांचं. मीच दिलं. माझी चूक हाय, आबा."

उदयसिंहाचं तोंड लाल झालं होतं, पण म्हाताऱ्यानं हात वर केला आणि तो गप राहिला. गैबीनं पाना लावून प्लग काढले. पहिल्याचं टोक चेपून सपाट झालं होतं. हातानं फिरवताना एवढं, तर सेलनं काय झालं असतं? त्याला विचारही करवेना.

तीन प्लग रुमालातले. एकेक डोळ्यांपुढं धरून, काढलेल्या लांब प्लगाशी ताडून त्यानं बसवले. चौथा स्कूटरमधनं काढायचा होता. तो तापून लाल व्हायच्या बेताला आलेला, चिंधीतनंही बोटं भाजली. भाजू देत, त्याला वाटलं, लायकी हाय माझी. तो बसवून त्यानं स्वतः हँडल धरलं आणि फिरवलं. एक फेरा, दुसरा, तिसरा. कुठं अडलं नाही.

"लावा किल्ली," तो म्हणाला.

गणपतरावांनी खिशातनं किल्ली काढली आणि सेल मारला. मोटार खोकली, गप झाली. पुन्हा सेल. निळ्या धुराचा लोट निघाला, आणि तीन वर्षांची मुकी मोटार भडाभडा बोलायला लागली. हलगीवाल्यानं हलगीवर थाप टाकली.

स्कूटर बिनप्लगाची झाली होती, त्यामुळं गैबीला मोटारीतच बसावं लागलं. गणपतरावांनी त्याला शेजारी घेतलं. दिवसाची कड उरली असताना मोटार शिवेवर पोचली. माणसं आपट्याकडं पळाली. गाडीत दोघंच राहिले.

"आबा," गैबीनं विचारलं, "एवढी नवी बॅटरी असताना हँडल कशापायी मारलं? पयल्यांदाच सेल मारला असता तर..."

म्हातारा समोर बघत होता. "सेलच मारणार हुतो की. किल्लीला हात घातलाच हुता. तेवढ्यात उदा कौतुकानं सांगायला लागला, गैबीचाचानं डोळं झाकून प्लग दिलं म्हणून." त्यांनी बंडीच्या खिशातनं आपट्याचं एक पान काढलं आणि गैबीच्या भाजलेल्या बोटांत ठेवलं. "म्हटलं, असं असंल तर आधी हातानं फिरवून बघितलेलं बरं."